तुटक्या मुठीचा ट्रे

ताई माझ्याकडे राहायला आली ती एक बॅग, गुडघ्याचा पट्टा आणि "चारच दिवस हं" एवढं घेऊन. चार दिवस कधीच उलटून गेले, पण बॅग कपाटाशेजारी तशीच उभी होती. रोज सकाळी ताई तिच्यातून लागेल तेवढाच कपडा काढायची आणि चेन पुन्हा ओढून घ्यायची, जणू खाली गाडी थांबली आहे.

मी तिच्यासाठी कपाटातले दोन कप्पे रिकामे करून ठेवले होते. त्यातली पुस्तकं माझ्या पलंगाखाली सरकवली. पण कप्पे रिकामे आहेत हे तिला सांगायचं काही मला जमलं नाही. वाटलं, तिला आपणहून दिसतील. ताईच्या नजरेतून सहसा काही सुटत नाही. तिची सगळी नोकरी इस्पितळात गेली, शेवटी शेवटी ती मुख्य परिचारिका होती. तिच्या वॉर्डात चादरीला सुरकुती पडायची तीसुद्धा परवानगी काढून, असं तिची मुलगी म्हणते.

मेहुणे गेल्यावर ताई बरीच वर्षं तिच्या घरात एकटी राहिली. घरामागे तिची बाग होती. फार मोठी नव्हती, पण तिथे गेलं की ताई दारात कधी सापडायची नाही, मागेच असायची, मातीच्या हातांनी. मग गुडघ्याने दगा दिला, घर विकावं लागलं आणि घराबरोबर बागही गेली. मुलीचं घर अकराव्या मजल्यावर. तिथे ताईचं डोकं गरगरतं. म्हणून मग माझ्याकडे.

मी एकटा माणूस. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलं आणि नंतरचं पुस्तकांत जात होतं. माझ्या उष्ट्या कपावरून मला बोलेल असं घरात कुणी नव्हतं. ताई आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "हा कप कालचा आहे की परवाचा?" मी ओशाळलो, पण आतून मला फार बरं वाटलं. ती जाऊ नये असं मला तेव्हाच वाटायला लागलं होतं. ते सांगायचं कसं, हे मात्र माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

म्हणून मी बिया आणल्या.

आमच्या इमारतीच्या मागे, तळमजल्यावरच्या शिंपीमास्तरांच्या दुकानाच्या भिंतीला लागून मातीची एक पट्टी आहे. तिच्यात काहीच नव्हतं, कुणीतरी टाकून दिलेल्या एका बुटाशिवाय. मला वाटलं, ताईला ही पट्टी दाखवावी, बिया हातात द्याव्यात, म्हणजे तिचा जीव रमेल. मी टोमॅटो, मिरची आणि झेंडूची पाकिटं तिच्यासमोर टेबलावर मांडली.

ताईने चष्मा लावून पाकिटं वाचली आणि माझ्याकडे परत सरकवली.

"हे तुझं तू बघ. मी माती सोडली."

"अगं, पण मला यातलं काही कळत नाही."

"मग आणल्यास कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मला देता आलं नाही. मी पाकिटं उचलली आणि त्या संध्याकाळी वाचनालयातून बागकामावरची तीन पुस्तकं घेऊन आलो.

बाहेर अजून थंडी होती. सकाळी खिडकीची काच ओली असायची. तिन्ही पुस्तकांचं म्हणणं असं की थंडी सरेपर्यंत बी घरातच रुजवावं आणि रोपं अंगाने भरली की मग बाहेर न्यावीत. मी कागदी कप जमवले. मास्तरांकडून दाभण आणून त्यांच्या बुडांना भोकं पाडली. माती चाळून भरली, बिया पेरल्या. सगळे कप आईच्या जुन्या चहाच्या ट्रेमध्ये बसवले. पत्र्याचा, लांबट ट्रे. त्याच्या एका बाजूची मूठ लहानपणीच तुटली आहे आणि ती कुणी तोडली यावर ताईचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. वरून प्लास्टिक झाकलं आणि ट्रे फ्रिजवर ठेवला. तिथे ऊब असते, असं दुसऱ्या पुस्तकात होतं.

"आता फ्रिजवर शेती," ताई म्हणाली. तेवढंच म्हणाली.

काही दिवसांनी एका कपात माती जराशी उचलली गेली आणि एक वाकडी मान वर आली. डोक्यावर बियाचं टरफल, टोपीसारखं. मी ताईला हाक मारणार होतो, पण तिने माती सोडली होती. म्हणून मी खाली जाऊन मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या आणि म्हणाले, "वा! बारसं कधी?"

मग एकेक करत सगळे कप हिरवे झाले. प्लास्टिक काढलं. ट्रे खिडकीशी आणला. खिडकीची चौकट उंच, म्हणून स्टुलावर कोशाचे जाडजूड खंड रचले आणि त्यावर ट्रे ठेवला. "पहिल्यांदाच उपयोगी पडले," ताई तिच्या खुर्चीतून म्हणाली. तिची खुर्ची खिडकीकडे पाठ करून असायची.

मी पाणी भरपूर घालत होतो. वाटायचं, कमी पडायला नको. एका सकाळी दोन रोपांनी मान टाकली. मी त्यांच्याकडे बघत उभा होतो, तर मागून आवाज आला, "बुडवतोयस तू त्यांना."

"अगं, मग सांगायचं ना!"

"मला काय करायचंय? मी माती सोडली आहे."

पाणी कमी केलं, रोपं सावरली. पण आता दुसरंच संकट आलं. आमच्या खिडकीत ऊन येतं ते सकाळचंच. दुपारी समोरच्या इमारतीची सावली पडते. त्या सकाळच्या उन्हासाठी सगळी रोपं खिडकीकडे अशी वाकली की आता उडी मारतात की काय असं वाटावं. तिसऱ्या पुस्तकात उपाय होता : ट्रे रोज एकदा फिरवून ठेवावा, खिडकीकडची बाजू खोलीकडे, म्हणजे रोपं सरळ वाढतात. सोपं होतं. ताई सकाळी आंघोळीला गेली की मी ट्रे फिरवायचा असं ठरवलं. तिच्यासमोर फिरवला असता तर ती काहीतरी बोलली असती, आणि तिने माती सोडल्यापासून तिचं बोलणं फार वाढलं होतं.

पहिल्या दिवशी फिरवला. संध्याकाळी पाहिलं तर रोपं खोलीकडे वाकलेली.

म्हटलं, असेल, एका दिवसात काय होतंय. दुसऱ्या दिवशी फिरवला. संध्याकाळी पुन्हा खोलीकडे. तिसऱ्या दिवशीही तेच. सगळ्या जगातली रोपं उजेडाकडे वाकतात, तिन्ही पुस्तकांचं निदान त्यावर तरी एकमत होतं. माझी रोपं उजेडाकडे पाठ करून पुस्तकांच्या कपाटाकडे झुकत होती.

मास्तरांना सांगितलं. ते मशीन थांबवून खो खो हसले. "मग गुण आला की घराचा! वाचनाची गोडी लागली त्यांना. चष्मे शिवून देऊ का?"

मीही हसलो. पण त्या संध्याकाळी वर येऊन पुन्हा ट्रेकडे पाहिलं आणि माझं हसू जिरलं. ट्रेची तुटकी मूठ खिडकीकडे होती. सकाळी मी ट्रे फिरवला तेव्हा ती खोलीकडे आली होती. आली होती ना? मला ती खोलीकडे ठेवल्याचं आठवत होतं. पण ते आजचं आठवत होतं की कालचं?

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "तुटकी मूठ खोलीकडे." ट्रे फिरवला. मुठीला हात लावून पाहिला. संध्याकाळी मूठ खिडकीकडे.

माणसाचं डोकं हळूहळू कसं जातं ते मी वाचलं होतं. आधी बारीकसारीक गोष्टी जातात, करायच्या म्हणून ठरवलेल्या आणि केल्या असं वाटणाऱ्या. मी चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधतो, हे माझं तरुणपणापासूनचं आहे, पण आता त्याचाही मला वेगळाच अर्थ लागायला लागला. दूध आणायला गेलो आणि पाव घेऊन आलो. पूर्वीही आलो असतो. पूर्वी मी हसलो असतो.

त्यात ताईचं वागणं. तिचं टोमणे मारणं एकाएकी बंद झालं. मध्येच ती विचारायची, "आज वार कोणता रे?"

"बुधवार," मी दचकून म्हणायचो. "का गं?"

"काही नाही. सहज."

मला कळून चुकलं की तिला संशय आला आहे. परिचारिकाच ती. ती माझी परीक्षा घेत होती. मग मी तयारीत राहायला लागलो. सकाळी उठल्या उठल्या वर्तमानपत्रावरची तारीख पाठ करायचो. तिने वार विचारला की मी महिना आणि सालही सांगून टाकायचो. ती माझ्याकडे चमकून बघायची.

एकदा ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. तिचा पुटपुटण्याचा आवाज आला. "शंभर… त्र्याण्णव… शहाऐंशी… एकोणऐंशी…" शंभरातून सात सात वजा करत जायचं, हा डॉक्टरांचा प्रकार मला माहीत होता. म्हटलं, आता हे आपल्याला विचारणार. मी दाराआड उभा राहून मनातल्या मनात करून पाहिलं. बहात्तरच्या पुढे अडलो. शाळेतही मी तिथेच अडायचो, पण ते मला तेव्हा सुचलं नाही.

ताईने मला काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी चहा पिताना मात्र ती म्हणाली, "मी मुलीशी बोलले. तिच्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे. चांगला आहे म्हणे. तळमजला आहे, सिस्टर असतात. पुढच्या रविवारी ती मला न्यायला येतेय."

"वृद्धाश्रम? का?"

"का म्हणजे? चारच दिवस म्हणाले होते ना मी."

माझ्या जिभेवर कितीतरी आलं. पण ज्या माणसाला सकाळी ट्रे फिरवला की नाही हे संध्याकाळी ठाऊक नसतं, त्याने कुणाच्या भरवशावर कुणाला थांबवून घ्यायचं? उद्या गॅस चालू ठेवून झोपलो तर? मी म्हणालो, "बरं."

ताईने दोन्ही कप उचलले. माझा अजून अर्धा भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "चेहरा असा का? मिरचीने मान टाकली का?"

"ताई चालली."

"थांब म्हणालात?"

"नाही."

"मग त्यांना काय स्वप्न पडणार?" मास्तरांनी मशीनचं चाक गरकन फिरवलं. "पुस्तकात बोट घालून बसता तुम्ही, आणि समोरच्याने पान वाचावं अशी अपेक्षा!"

दुपारच्या जेवणानंतर मी रोज आडवा होतो. पुस्तक छातीवर, आणि मी झोपेत. त्या दुपारी डोळा लागेना. मास्तरांचं बोलणं डोक्यात फिरत होतं. पुस्तक छातीवर होतंच, डोळे मिटलेले होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत ताईच्या सपाता हळूच वाजल्या. ती माझ्या दारापर्यंत आली, थांबली आणि परत गेली. मग खिडकीशी आवाज आला. अगदी हलका, पण इस्पितळातलाच.

"चला, कूस बदला बघू. एका अंगावर किती पडून राहायचं? हं… अस्सं."

मी उठून बसलो.

"काल बदलली होती की नाही?" ताई म्हणत होती. आवाज आता वेगळाच, बारीक झाला होता. "बदलली होती मी. नक्की बदलली होती. मग ही मूठ पुन्हा इकडे कशी आली? बदललीच नव्हती का?"

मी दारात गेलो. ताईने ट्रे दोन्ही हातांनी धरला होता आणि तुटकी मूठ ती खोलीकडून खिडकीकडे नेत होती.

"ताई, तू फिरवतेस हा?"

ती इतकी दचकली की झेंडूचा एक कप आडवा झाला. "मी? छे. मी कशाला? मी तर माती…" एवढं म्हणून तिने ट्रे ठेवला, मागे सरकली आणि खुर्चीत बसली. या खेपेला तिचं तोंड खिडकीकडे होतं. "फिरवते," ती म्हणाली. "तू झोपलास की रोज फिरवते. बघवत नव्हतं मला, वाकून वाकून बिचारी अर्धी झाली होती. पण अरे, आज फिरवून ठेवलं की उद्या पुन्हा तिथल्या तिथे. म्हणजे मी फिरवतच नाही. मला नुसतं वाटतं फिरवलं म्हणून." तिने पदराने नाक पुसलं. "मला माहीत आहे हे कसं सुरू होतं. इतक्या जणांचं पाहिलंय. आधी वार विसरायचा, मग माणसं. ते तुझ्या गळ्यात नको, म्हणून चालले आहे मी."

मग माझ्या घशातून एक विचित्र आवाज आला. ते हसणं होतं, पण मला स्वतःलाच ते ओळखू यायला वेळ लागला.

"हसतोस काय?"

"ताई, मी रोज सकाळी फिरवतो."

"काय फिरवतोस?"

"हाच ट्रे! तू आंघोळीला गेलीस की. रोज. मूठ खोलीकडे करून ठेवतो आणि संध्याकाळी बघतो तर खिडकीकडे. मला वाटलं, माझंच डोकं चाललं!"

ताई ट्रेकडे बघत राहिली. तिचा हात हवेत एकदा इकडून तिकडे आणि मग तिकडून इकडे फिरला.

"म्हणजे सकाळी तू अर्धा…"

"आणि दुपारी तू अर्धा."

"मग सकाळचं ऊन रोज एकाच अंगाला!"

"म्हणून ती संध्याकाळी पुस्तकांकडे!"

"गाढवा!" ताई म्हणाली. "सांगायचं नाही?"

"तू माती सोडली होतीस ना!"

"मी माती सोडली होती, ट्रे कुठे सोडला होता? आणि ते वार, महिना, साल एका दमात सांगत होतास ते काय होतं? मला वाटलं, मला वार आठवत नाही म्हणून हा मला शिकवतोय!"

"मला वाटलं, तू माझी परीक्षा घेतेस!"

मग ताई हसायला लागली. ती हसते तेव्हा आवाज होत नाही, नुसती सबंध हलते. हलता हलता तिने गुडघा दाबून धरला आणि म्हणाली, "पुरे, पुरे, दुखतोय." मी आडवा झालेला झेंडू उभा केला. खालून मास्तर ओरडले, "काय झालं हो वर?" त्यांना खिडकीतून सगळं सांगावं लागलं. त्यांनी ते गिऱ्हाइकाला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं.

एवढं झालं, पण जाण्याचं काय, हे मात्र तसंच राहिलं. कारण उरलं नव्हतं, तरी मुलीला "येऊ नकोस" असा फोन ताईने केला नाही. बॅग जागच्या जागी होती. ती काही म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. माझा हा जुना खाक्या आहे.

तोवर थंडी ओसरली आणि रोपांना बाहेरची सवय लावायची वेळ आली. आता ताईने उघडपणे ताबा घेतला. "एकदम उन्हात नेलंस तर भाजतील. घरात वाढलेली पोरं आहेत. पहिल्या दिवशी सावलीत, एक चहा होईपर्यंत. मग रोज थोडं जास्त." मी ट्रे घेऊन जिना उतरायचो. तुटक्या मुठीच्या बाजूने तळहाताचा आधार द्यावा लागे. पुढे ताई, कठड्याला धरून, मागे न बघता सूचना देत, "पायरी. पायरी. आता वळण. श्वास घे." मास्तरांनी त्यांचं एक स्टूल पट्टीशी आणून ठेवलं होतं. त्यावर ताई बसायची आणि वारा आला की हाताने आडोसा करायची.

एकदा ती वर गेली होती आणि मी मास्तरांशी बोलत बसलो. ऊन सरकत ट्रेवर आलं, टोमॅटोचं एक पान पांढरं पडलं.

"विसरलास?" ताईने विचारलं.

"विसरलो नाही. गप्पा मारत होतो."

"मग हरकत नाही," ती म्हणाली आणि तिचा चेहरा निवळला.

रविवार आला. आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतं. रोपं लावायला असाच दिवस हवा, ताई म्हणाली. मुलगी दुपारी पोचणार होती. आम्ही सकाळीच खाली उतरलो. बूट मी आधीच उचलून टाकला होता. मी गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघरातल्या मोठ्या चमच्याने खड्डे करत होतो आणि ताई स्टुलावरून बघत होती. चमचा दगडाला लागला की तिचं तोंड वाकडं व्हायचं.

"खोल. अजून खोल. टोमॅटो मानेपर्यंत पुरायचा. मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात."

"एवढा पुरू?"

"पुरतोयस, फेकत नाहीयेस. घाबरतोस काय?"

मी रोप कपातून सोडवलं. मुळं कपाच्या आकाराची झाली होती. ते खड्ड्यात ठेवून माती लोटली आणि वर फक्त शेंडा राहिला. बाकीची रोपंही एकेक करून गेली. मिरच्या वाकड्याच होत्या, पण बाहेर उजेड सगळीकडून येत होता. आता त्यांना कुणी फिरवायची गरज नव्हती.

ट्रे रिकामा झाला. मास्तरांच्या मशीनचा आवाज येत होता. मी हात झटकले आणि म्हणालो, "ताई, यांना पाणी कोण घालणार?"

"तू."

"मी विसरेन."

"तू विसरत नाहीस. ते सिद्ध झालंय."

"मग मी जास्त घालेन. बुडवेन."

"मातीत बोट घालून बघायचं. ओलं लागलं तर घालायचं नाही."

"आणि आधाराच्या काठ्या? मला बांधता येत नाहीत."

"मास्तर कापडाच्या पट्ट्या देणार आहेत. बुटाची नाडी बांधतोस ना?"

मी काठ्यांबद्दल आणखी काही सुचतंय का ते पाहिलं. किडीबद्दल पाहिलं. काही सुचेना. विसरण्याचं निमित्त तर त्या ट्रेने माझ्याकडून कायमचं काढूनच घेतलं होतं. मशीनचा आवाज थांबला होता. मास्तर ऐकत होते, हे मला कळत होतं.

"मला तू इथे हवी आहेस," मी टोमॅटोकडे बघत म्हणालो. "रोपांसाठी नाही. रोपं नसती तरी. तू जाऊ नकोस."

मी चमच्याने शेंड्याभोवतीची माती पुन्हा दाबली. मला वर बघायची हिंमत होईना.

"एवढं वाक्य बोलायला इतके दिवस?" ताई म्हणाली.

"मी कप्पे रिकामे केले होते."

"बघितले मी. आल्याच दिवशी. मला वाटलं, वाळवी लागली म्हणून पुस्तकं हलवलीस."

दुकानातून मास्तरांच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता.

तेवढ्यात बोळात गाडी थांबली आणि ताईची मुलगी आली. वेळेच्या आधीच आली होती. तिने आम्हा दोघांकडे, माझ्या गुडघ्यांकडे आणि चमच्याकडे पाहिलं.

"मामा, हे काय? आई, तयार आहेस ना? बॅग कुठे?"

"वर आहे, कपाटाशेजारी," ताई म्हणाली. "घेऊन ये खाली."

मुलगी गेली. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. म्हटलं, बोललो, पण उशिरा बोललो. ताई समोरच्या मिरचीकडे बघत होती. बॅग आली. ताईने ती स्टुलाशी ठेवायला सांगितली, चेन पूर्ण उघडली आणि सगळे कपडे बाजूला सारत तळाशी हात घातला. टॉवेलची एक घट्ट गुंडाळी निघाली. ती तिने मांडीवर घेऊन उलगडली. आत तिचं खुरपं होतं. मूठ वापरून वापरून गुळगुळीत झालेली, पातं तेल लावून पुसलेलं.

"घे," तिने ते माझ्यापुढे धरलं. "केव्हापासून चमच्याने उकरतोय. बघवत नाही."

"आई," मुलगी म्हणाली, "तू तर माती सोडली होतीस."

"माती सोडली होती. खुरपं सोडलं असं कधी म्हणाले?" ताईने बॅगेची चेन ओढली नाही, तशीच उघडी ठेवली. "आणि ही आता परत वर ने. कपाटात दोन कप्पे रिकामे आहेत, त्यात कपडे लाव. वाळवी नाहीये, मी विचारून घेतलंय."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी खुरप्याकडे बघत होतो. मला तेवढंच जमत होतं.

"म्हणजे तू येत नाहीयेस? अगं, मग मी एवढी गाडी चालवत आले ती कशासाठी?"

"बरं झालं आलीस," ताई म्हणाली. "झारी वरच राहिली आहे. येताना भरून आण."